तुमचा नंबर येतो आहे

४ ऑक्टोबर

डायलिसिस केंद्राचं नवं वेब-पान करायचं काम आम्हाला, म्हणजे मला आणि भागीदाराला, मिळालं. विश्वस्तांनी आज सही केली. ज्यांची मूत्रपिंडं थांबली आहेत त्यांचं रक्त मशीनवर धुऊन देणारं हे केंद्र. दर कमी, त्यामुळे गर्दी फार. उद्याच्या पाळ्या आज पहाटे पानावर खुल्या होतात, ज्याचं बोट आधी पडेल त्याची पाळी. दोन-तीन दिवसांआड मशीनवर बसलं नाही तर ही माणसं राहत नाहीत.

त्यांचं सध्याचं पान भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावून विश्वस्त म्हणाले, "हे बघितलं की कचेरीच्या खिडकीपुढे उभं राहिल्यासारखं वाटतं. कोणी केलंय देव जाणे."

ते मीच केलं होतं, नऊ वर्षांपूर्वी. पांढऱ्यावर एक काळा तक्ता. रिकाम्या पाळीवर बोट ठेवायचं, नाव लिहायचं, झालं. मी मान हलवली. भागीदारानेही काही सांगितलं नाही. बाहेर आल्यावर तो खूप हसला. "दादा, तुमच्या तोंडावर तुमच्याच पोराला नावं ठेवली, आणि तुम्ही हो हो म्हणालात!"

पन्नाशी आली. आजवर टिकाऊ कामं केली, देखणं एकही नाही. देवापुढे बसलो तेव्हा हेच मनात आलं: एक तरी सुंदर गोष्ट हातून होऊ दे. मागणं चूक नसावं.

९ ऑक्टोबर

आज वाद झाला. पाळ्यांची यादी भागीदार नव्या पद्धतीने लिहितो आहे. आपोआप सरकते, रंग बदलते, कोणी पाळी घेतली की ती डोळ्यांदेखत विरघळून जाते. बघायला छानच आहे. पण जुन्या फोनमधल्या ब्राउझरला ही भाषा कळत नाही.

मी म्हणालो, आमच्या गावच्या शाळेत गुरुजी फळ्यावर लिहून झालं की शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे आणि तिथून स्वतः वाचून बघायचे. नाही दिसलं तर पुसून मोठं लिहायचे. आपणही तसं बघावं.

"दादा, तुमचा शेवटचा बाक आता रिकामा आहे. सगळे पुढे येऊन बसलेत."

"सगळे?"

"शंभरात चार-पाच राहिले असतील. त्यांच्यासाठी महिनाभर जास्त काम, आणि वर यादी परत मेली तुमच्या तक्त्यासारखी. विश्वस्त उभं करतील का आपल्याला दारात?"

दुपारी विश्वस्तांनाच विचारलं, जुनं पान कोपऱ्यात राहू द्यायचं का? ते म्हणाले, "नवं घर बांधल्यावर जुनी झोपडी अंगणात ठेवता का तुम्ही?" सगळे हसले. मीही हसलो. हसल्यावर पुढे बोलता येत नाही.

१४ ऑक्टोबर

भागीदाराने जुन्या फोनवाल्यांसाठी एक पाटी बनवली होती: 'तुमचा ब्राउझर जुना आहे. हे पान इथे चालणार नाही.' लाल अक्षरांत.

मी ती काढून टाकली. दारात आलेल्या आजारी माणसाला तुझे कपडे जुने आहेत, परत जा, असं म्हणण्यासारखं ते. भागीदार म्हणाला, "बरं, नको तर नको. मला काय, एक ओळ कमी." मला समाधान वाटलं. यादी नाही तर निदान अपमान तरी होणार नाही कोणाचा. फार तर त्यांना उशीर होईल.

(उशीर का होईल, हे मी स्वतःला नीट विचारलं नाही. आज थकलो आहे.)

२१ ऑक्टोबर

पान उघडल्यावर यादी यायला दोन-तीन क्षण लागतात. तेवढ्या वेळात काय दिसावं, हे काम मी मागून घेतलं. सगळीकडे एक चाक गरगर फिरतं, ते मला कधीच आवडलं नाही. चाक बघून माणूस अधिकच उतावीळ होतो.

मी एक थेंब केला. निळ्या पडद्यावर वरून एक थेंब जमतो, जड होतो, पडतो. खाली पाणी हलतं, वर्तुळं पसरतात, विरतात. मग पुन्हा शांतता, पुन्हा थेंब. वेग श्वासाइतका ठेवला. सकाळी डोळे मिटून बसतो तेव्हाचा माझा श्वास मोजून.

खाली काय लिहावं यावर चार दिवस गेले. 'प्रतीक्षा करा' म्हणजे सरकारी हुकूम. शेवटी लिहिलं: 'थोडं थांबा. तुमचा नंबर येतो आहे.'

ही म्हणाली, "जेवायला बसता का, की तुमचा थेंब पडायचाय अजून?" मग तिने फोन हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. "गोड झालंय हो," म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कामाला ती कधी गोड म्हणाली नव्हती.

२८ ऑक्टोबर

भागीदाराच्या यादीवर माझा इलाज नाही, पण माझा थेंब तरी शेवटच्या बाकावरून दिसला पाहिजे. म्हणून तो मी जुन्या, साध्या पद्धतीनेच लिहिला आहे. ऑफिसच्या खणात वर्षानुवर्षांचे टाकाऊ फोन आहेत, एकाची काच फुटलेली, एकाची पाठ दोऱ्याने बांधलेली. सगळे चार्ज केले आणि प्रत्येकावर थेंबाचं पान उघडून बघितलं. सगळ्यांवर पडतो. सगळ्यात म्हाताऱ्या फोनवरही, किंचित अडखळत, पण पडतो.

भागीदार म्हणाला, "दादा, प्रदर्शन भरवा याचं. 'वृद्धाश्रमातला पाऊस'."

मी खण बंद केला. मन भरून आलं होतं.

१ नोव्हेंबर

पान सुरू झालं. विश्वस्तांच्या सांगण्यावरून केंद्राचा फोन नंबर पानावरून काढला. "सकाळी फोनची कटकट नको. सगळं पानावरूनच." आधी दारातल्या टेबलावर सिस्टर बसायच्या, त्यांना आत मशीनकडे घेतलं. टेबलावर आता फक्त पहारेकरी, त्याला एकच वाक्य दिलं आहे: पाळी ऑनलाइन घ्या.

विश्वस्तांनी मोठ्या पडद्यावर पान उघडलं. तिथे यादी लगेच आली. ते म्हणाले, "ते पाण्याचं परत दाखवा हो. ते बघतच राहावंसं वाटतं."

१० नोव्हेंबर

पहिल्या आठवड्याचे आकडे आले. कल्पना केली नव्हती असे. जुन्या पानावर माणूस जेमतेम मिनिटभर थांबायचा. आता सरासरी सहा मिनिटं. काही जण तर अर्धा अर्धा तास! पहाटेच्या वेळी सगळ्यात जास्त.

आमच्या धंद्यात हे सोनं आहे. लोक पानावर थांबत नाहीत म्हणून सगळे रडतात. भागीदाराने विश्वस्तांना आलेख पाठवला, त्यांनी तो त्यांच्या मंडळाला पाठवला.

अर्धा तास कोण थांबत असेल, आणि कशासाठी? मला वाटतं आजारी माणसाला पहाटे झोप येत नसावी. त्याला काहीतरी शांत बघायला हवं असतं. हे माझ्या हातून झालं असेल तर माझं मागणं ऐकलं गेलं. आज देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलो.

१४ नोव्हेंबर

आमच्या ऑफिसच्या जिन्याखाली एक किल्ल्या बनवणारा बसतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण कुलपांना छडी लावतो म्हणून मास्तर. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. येता-जाता दोन शब्द होतात.

आज सकाळी लवकर गेलो तर मास्तर फळीआड बसून फोन बघत होता. बारकासा, चरे पडलेला फोन. सहज नजर गेली, आणि काय सांगू, त्यावर माझा थेंब पडत होता!

मला बघून त्याने फोन उलटा ठेवला.

"मास्तर, ठेवता काय, दाखवा की. ते मीच केलंय."

"तुम्ही?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "काय सांगता! वरच्या मजल्यावर हे पण होतं होय? मला वाटलं नुसतं खटखट करत बसता."

"कसं वाटतं?"

"बरं वाटतं. बघत बसलं की जीव शांत होतो." मग फोन सुलटा करून म्हणाला, "पण साहेब, नंबर येतो ना सगळ्यांचा?"

"येतो की. थांबलं की येतो. कोणासाठी बघताय?"

"आहे घरातलंच एक जण," असं म्हणून तो कानशीने किल्ली घासायला लागला. पुढे विचारणं बरं दिसलं नसतं.

त्याच्या पडद्यावर थेंब जरासुद्धा अडखळत नव्हता. मी तोच बघत राहिलो. आज प्रार्थनेत मास्तरच्या घरातल्या त्या माणसाचं नाव घ्यायचं होतं, ते माहीत नव्हतं, म्हणून नुसतंच 'तो' म्हटलं.

१८ नोव्हेंबर

केंद्रात गेलो होतो, बिलाची सही घ्यायला. सिस्टर आतल्या दारात भेटल्या. म्हणाल्या, "काका, पहिल्या पाळीला खुर्च्या रिकाम्या राहतायत. जुने चार-पाच जण दिसत नाहीत."

"दुसरीकडे जात असतील. नाहीतर देवाच्या कृपेने बरे झाले असतील."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही घाणेरडं बोललो. "यातनं कोणी बरं होत नाही, काका." आणि आत गेल्या.

कामाने त्रासलेल्या दिसतात. विश्वस्तांच्या कानावर खुर्च्यांची गोष्ट घातली. ते म्हणाले, "चांगलं आहे. म्हणजे गर्दी हटली. पान कामाला लागलं."

२३ नोव्हेंबर

मास्तरबद्दल लिहायला वाईट वाटतं. घराची जादा किल्ली करायला दिली होती, ती लागेना. परत दिली, तरी लागेना. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. हात थरथरत होता. तोंड सुजलेलं, डोळ्यांखाली फुगे, बोलता बोलता पेंगत होता. तोंडाला विचित्र वास. बूट घालणंही सोडलंय, या थंडीत पायात सपाता, त्याही टाचेला दाबलेल्या.

मास्तर प्यायला लागला आहे. घरात आजारपण असलं की माणसं अशी घसरतात. मी त्याला एकट्याला गाठून सांगितलं, "मास्तर, धीर सोडू नका. घरच्यांनी तुमच्याकडे बघायचं, आणि तुम्हीच असं केलंत तर?"

त्याने किल्ली उलटीसुलटी करून बघितली. नंतर म्हणाला, "नाही सोडत, साहेब. रोज बसतो पहाटे उठून. तुम्ही म्हणालात ना, थांबलं की येतो."

ते ऐकून बरं वाटलं. घसरला असला तरी भाव शाबूत आहे.

किल्लीचे पैसे मी दिले, न लागणारी असली तरी.

२८ नोव्हेंबर

विश्वस्तांच्या मंडळाने आम्हाला बोलावून पुष्पगुच्छ दिला. आणखी दोन दवाखान्यांना असंच पान हवं आहे, 'पाण्यासकट'. भागीदार म्हणतो आता मोठी जागा घेऊ. हिने पुष्पगुच्छातली फुलं देवापुढे ठेवली.

सिस्टर आल्या नव्हत्या समारंभाला.

३ डिसेंबर

मास्तरची फळी तीन दिवस बंद होती. आज शेजारच्या शिवणकामवाल्याने सांगितलं, "गेले की हो. तुम्हाला माहीत नाही?"

भागीदाराला घेऊन घरी गेलो. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. मास्तरची बायको भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं, "घरात कोणी आजारी होतं म्हणाले होते ते?"

"तेच होते," ती म्हणाली. "दोन वर्षं मशीनवर होते. कोणाला सांगू देत नव्हते. म्हणायचे, किल्लीवाला मरायला टेकलाय म्हटल्यावर कुलूप कोण आणेल माझ्याकडे?"

मग सगळं आपणहून सांगत गेली. आधी पहाटे तक्ता यायचा, हे बोट ठेवायचे, ती नाव लिहायची, पाळी मिळायची. नवीन झाल्यापासून तक्ता येईना. थेंब पडत राहायचा. खाली लिहिलेलं ती रोज वाचून दाखवायची: थोडं थांबा, तुमचा नंबर येतो आहे. केंद्रात गेले तर पहारेकरी म्हणाला, पाळी ऑनलाइन घ्या. मध्ये चार-पाचदा पुतण्याच्या फोनवर मिळाली, मग पुतण्या कामाला दुसरीकडे गेला. "मी म्हणायची, बंद करून परत लावून बघा. तर म्हणायचे, नको, बंद केलं तर रांगेत मागे जाऊ. वरच्या साहेबांनी केलंय ते, ओळखीचे आहेत. ते म्हणाले आहेत येतो म्हणून."

तिने फोन पुढे केला. थेंब पडत होता. वर्तुळं पसरत होती, विरत होती. मी वाट बघितली. भागीदारही बघत होता. त्याला आधी कळलं. तो उठून बाहेर गेला.

ती म्हणाली, "पाणी घ्या." मी घेतलं.

४ डिसेंबर

खणातले सगळे फोन काढले. आज थेंबाचं नाही, अख्खं पान उघडलं. सगळ्यांवर थेंब पडतो आहे. यादी एकावरही आली नाही. जुन्या ब्राउझरला भागीदाराची पहिलीच ओळ कळत नाही, तिथे तो गप्प होतो. थेंब माझा साधा आहे, तो गप्प होत नाही.

लाल पाटी असती तर माणूस शिव्या देत उठला असता. कोणाचा तरी फोन मागितला असता.

सहा मिनिटं. अर्धा अर्धा तास.

सिस्टरना विचारलं, ते चार-पाच जण. त्यांनी तिघांची नावं सांगितली. दोघांचं अजून कळलं नाही म्हणाल्या.

५ डिसेंबर

जुना तक्ता परत चढवला. कोणाला विचारलं नाही. फोन नंबरही घातला, मोठ्या अक्षरात, सगळ्यात वर.

विश्वस्तांचा फोन आला. "हे काय केलंत? मंडळाची बैठक आहे परवा!" मी सांगितलं, काय झालं ते. ते म्हणाले, "माणसं जातात हो या आजारात. पानाने कोणी मरत नाही. हे असलं बाहेर बोलू नका, तुमच्यासाठीच सांगतो."

"तक्ता काढणार नाही मी."

"मग दुसरा काढेल."

भागीदार खिडकीशी उभा होता. त्याला म्हटलं, यादी तुझी, थेंब माझा, पाटी मी काढली. तो म्हणाला, "दादा, हिशोब नका करू. नका करू ना." मग रडायला लागला. त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं.

सिस्टर उद्यापासून परत बाहेरच्या टेबलावर बसणार आहेत. विश्वस्तांना न विचारता.

९ डिसेंबर

दोन्ही दवाखान्यांची कामं गेली. केंद्राचंही जाईल, पण नवा माणूस मिळेपर्यंत तक्ता आहे. आकडे पुन्हा जुन्यासारखे. माणसं येतात, बोट ठेवतात, मिनिटभरात निघून जातात.

हिने विचारलं, "सकाळी बसत नाही हल्ली?" डोळे मिटले की श्वास ऐकू येतो, आणि त्याचा वेग माझ्या ओळखीचा आहे.

१५ डिसेंबर

मास्तरची बायको आज जिन्याखाली आली होती, फळी आवरायला. कानशी, पक्कड, न कापलेल्या किल्ल्यांची माळ, सगळं पिशवीत भरलं. मी खाली गेलो, पिशवी धरली. बोलायचं ठरवून गेलो होतो. दहा दिवस तेच शब्द जुळवत होतो.

तिनेच आधी फोन काढला. "साहेब, एक विचारू? ते पाणी पडायचं ते आता येत नाही. बिघडलं का? शेवटचे दिवस तेवढंच बघत होते हो ते. मला वाटलं मीही बघावं मधून मधून."

मी म्हणालो, "ते मी काढून टाकलं."

"का?"

मी तिच्या हातून फोन घेतला आणि उघडून दाखवला. तक्ता लगेच आला, डोळ्याचं पातं लवायच्या आत. काळ्या रेघा, पांढरी घरं. उद्याची पहिली पाळी रिकामी होती.

तिने फोन जवळ नेला. अक्षर लावत लावत वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"आला की हो नंबर," ती म्हणाली.